विहीर, वीज आणि भाकर

विहिरीचे पाणी, पंपाची वीज आणि घरातील धान्य ही तीन निरनिराळी खाती आहेत असे समजून आपण वागत असतो. पाणी आटले की पावसास बोल लावतो, वीज गेली की वायरमनला, आणि धान्य महागले की व्यापाऱ्यास. वास्तविक ही तिन्ही एकाच दोरीने बांधलेली आहेत. ही दोरी कशी वळली आहे ते ह्या पाठात पाहण्याचा आमचा विचार आहे.

मोट चालत असे तेव्हा ही गोष्ट सर्वांस दिसत असे. मोट बैल ओढीत, बैलांस कडबा लागे, आणि तो कडबा बहुधा त्याच विहिरीखालच्या रानात पिके. बैल थकले की उपसा थांबे व रात्रभरात झरे विहीर पुन्हा भरून काढीत. उपशाची मर्यादा बैलांच्या अंगातच होती. पंप थकत नाही.

आता थोडे गणित करू. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एक एकर रानात तीन इंच पाणी उभे राहील अशी एक पाळी दिली, तर सुमारे ३,०८,००० लिटर पाणी लागते. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. तेव्हा एका एकराची एकच पाळी अशा विहिरीतील जवळजवळ ३५ फूट पाणी नेते. झरे चालू असतात म्हणून ते एकदम दिसून येत नाही, इतकेच. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. त्या हिशेबाने हेच पाणी शंभर माणसांस ५६ दिवस पुरेल.

हे पाणी ३० फुटांवरून वर आणावयाचे असेल, आणि निम्मी शक्ती पंपात व नळात वाया जाते असे धरले, तर सुमारे १५ युनिट वीज लागते. ३०० फुटांवरून आणावयाचे तर सुमारे १५०. पाणी तेच, पीक तेच, वीज मात्र दहापट. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी राहते ते मुरमात व भेगांत. एकाने बोअर खोल नेला की पुष्कळदा शेजाऱ्याची विहीर उताणी पडते, मग तोही कर्ज काढून यंत्र बोलावतो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर परवानगीवाचून खोदू नये, असा कायदा आपल्या राज्यात १९९३ साली झाला, तो ह्याचसाठी.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारने वीजबिल माफ केले. गांजलेल्या शेतकऱ्यास ह्याने आधार मिळाला हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या वस्तूस किंमत नाही तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा अशी कळ पुष्कळांनी पेटीत बसविलेली असते. रात्री वाफा फुटून पाणी ओढ्यास मिळाले तरी मालक अंथरुणातच असतो. त्याला तरी किती दोष द्यावा? साप-विंचवांच्या अंधारात दारे धरावयास जाणे सोपे नव्हे. सौर पंपाने ही रात्रीची हालअपेष्टा टळते, हा त्याचा मोठा गुण. पण सूर्यही बिल पाठवीत नाही, म्हणून उपशावर लक्ष ठेवणे तेथेही आपल्याच अंगावर राहते.

आणि एवढे पाणी जाते कोठे? गव्हास पाच-सहा पाळ्या पुरतात, रब्बी ज्वारी एक-दोन पाळ्यांवरही हाती लागते. उसास पाटाने पाणी दिले तर पंचवीस-तीस पाळ्या द्याव्या लागतात. महाराष्ट्रात लागवडीखालील जमिनीपैकी शेकडा चारांहून कमी जमीन उसाखाली असून ती सिंचनाचे शेकडा सत्तरच्या सुमारास पाणी घेते, असे केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगाने दाखवून दिले होते. ऊस लावणारा मूर्ख नव्हे. त्यास कारखान्याचा ठरलेला भाव मिळतो, ज्वारीस तशी शाश्वती नाही. ठिबकाने उसाचे पाणी बरेच कमी होते हेही खरे. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला, तर विहिरीस काय लाभ?

नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने ह्यावर गावठरावाचा उपाय केला. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, आणि पावसाळा सरल्यावर गावाने एकत्र बसून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा. प्रथम माणसे व जनावरे यांचे पाणी बाजूस काढतात, उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांस जमीन थोडी, कित्येकांस मुळीच नाही. त्यांनी नायगावची हकीकत अवश्य लक्षात घ्यावी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्या इंजिनियर गृहस्थांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांच्या संख्येने वाटले: माणशी अर्ध्या एकरापुरते, व कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. ऊस वर्ज्य केला. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः घातला. आणि ज्यास वीतभर जमीन नाही त्यासही पाण्याचा वाटा दिला. तो वाटा घेऊन त्याने दुसऱ्याचे रान वाट्याने करावे. पुढे सर्वच योजना टिकल्या नाहीत. तथापि पाणी हे जमिनीच्या मालकाचे नसून गावातील माणसांचे आहे, हा हिशेब तेथे कागदावर मांडला गेला आणि त्याप्रमाणे पाटात पाणी सोडले गेले.

ज्या गावी असे काही करावयाचे मनात असेल, तेथे शिक्षकांनी किंवा प्रचारकांनी दिवाळीनंतर दर पंधरवड्यास दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडून पाण्याची उंची मोजावी आणि शाळेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. मोजमाप सकाळी, पंप चालू होण्यापूर्वी घ्यावे. उपसा चालू असता घेतलेला आकडा कामाचा नाही.