बागेच्या कडेचीं उंच बहुवर्षायु फुलझाडें : त्यांची निवड

घराभोंवतालची बाग आंखतांना शेतकरी फळझाडांचा व भाजीपाल्याचा विचार प्रथम करितो, आणि तें योग्यच आहे. परंतु बागेची कड, म्हणजे कुंपण व वाफे यांमधील सहा-सात फुटांची पट्टी, पुष्कळ ठिकाणीं ओसाड राहते, किंवा हातीं येईल तें झाड तींत लावून देतात. या पट्टींत योग्य अशीं उंच फुलझाडें लाविलीं, तर देवपूजेस व बाजारास फुलें मिळतात, वारा व धूळ अडते, आणि दरवर्षीं बीं पेरण्याचे श्रम वांचतात. अयोग्य झाड लाविलें, तर पिकावरील कीड पोसली जाते, शेजाऱ्याशीं तंटा होतो, व प्रसंगीं दावणीचें जनावरही हातचें जातें. यास्तव ही निवड कशी करावी याचा क्रमवार विचार आम्ही या लेखांत करीत आहों.

१. बहुवर्षायु कोणास म्हणावें

जें झाड एकाच हंगामांत उगवून, फुलून मरतें तें वर्षायु. झेंडू व सूर्यफूल हीं त्याचीं उदाहरणें. जें एकदां लाविलें असतां अनेक वर्षें टिकतें तें बहुवर्षायु. यांतही दोन प्रकार आहेत. जास्वंद, तगर, अडुळसा यांचें खोड व फांद्या कायम राहतात. हीं झुडपें होत. कर्दळ, सोनटक्का, गुलछडी यांचा जीव जमिनींतील गड्ड्यांत असतो; वरचा दांडा फुलून गेला कीं त्याचें काम संपतें व शेजारून नवा कोंब वर येतो. हा भेद ध्यानांत ठेविल्यास छाटणीचा नियम आपोआप समजतो. झुडपाच्या फांद्या छाटून त्यास आकार द्यावयाचा; गड्ड्याच्या झाडाचा मात्र फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापून टाकावयाचा.

कडेची अशी पट्टी सजविण्याची कला इंग्लंडांत फार वाढली. विल्यम रॉबिन्सन यांचा इंग्लिश फुलबागेवरील ग्रंथ १८८३ सालीं निघाला, आणि गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बाईंनीं रंग व उंची यांचा मेळ घालून पट्टी कशी मांडावी हें आपल्या बागांतून व लेखनांतून दाखविलें. परंतु डेल्फिनियम, ल्यूपिन इत्यादि त्यांचीं आवडतीं झाडें थंड हवेचीं आहेत. तेथें तीं वर्षानुवर्षें जगतात; आमच्या दख्खनच्या मैदानांत उन्हाळा लागतांच करपतात, म्हणून येथें त्यांस हिवाळ्यापुरतींच पेरावीं लागतात. मांडणीची रीत तेथून घ्यावी. झाडें मात्र आपल्या हवेंतलींच निवडावीं.

२. निवडीपूर्वी विचारावयाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न उन्हाचा. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळें उंच रांगेची सावली उत्तरेस पडते. म्हणून उंच झाडें पट्टीच्या उत्तर अंगास व बुटकीं दक्षिणेस असावीं. पट्टी घराच्या किंवा आंब्याच्या सावलींत येत असेल, तर तेथें कर्दळ किंवा गुलछडी लावूं नये, सोनटक्का लावावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा व निचऱ्याचा. पाटाच्या कडेस ओल टिकते, तेथें कर्दळ व सोनटक्का तरारतात. गुलछडीचे गड्डे सांचलेल्या पाण्यांत कुजतात. भारी काळ्या जमिनींत तिजसाठीं अर्धा फूट उंच वरंबा करून त्यावर लागवड करावी. मुरमाड जमिनींत, जेथें उन्हाळ्यांत पाणी पुरत नाहीं, तेथें अडुळसा व तगर यांवर भिस्त ठेवावी.

तिसरा प्रश्न गुरांचा व शेजारच्या पिकाचा. तो सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच विसरला जातो. त्याचा विचार पुढें स्वतंत्र केला आहे.

३. झाडांची ओळख

मागची रांग. जास्वंद सहा ते आठ फूट वाढते व बहुतेक वर्षभर फुलते. तिचे फांटे पावसाळ्याच्या आरंभीं सहज मुळें धरतात. तगरीचीं पांढरीं फुलें पूजेस चालतात व तिचें हिरवेंगार पान बाराही महिने टिकतें. अडुळशास हिवाळ्यांत पांढरीं फुलें येतात. त्याचें पान कडू असल्यानें गुरें व शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. जेथें कुंपण विरळ आहे, तेथें हा मोठाच गुण होय.

मधली रांग. येथें कर्दळीस तोड नाहीं. ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील असून आतां आमच्या घरची झाली आहे. उंची जातीप्रमाणें तीन ते सहा फूट. रंग तांबडा, पिवळा, केशरी व ठिपक्यांचा. एक-दोन डोळे असलेला गड्डा दोन-तीन इंच खोल लावावा. बियांपासून झाड करावयाचें असेल, तर बीं फार कठीण असल्यानें त्याचें कवच कानशीनें थोडें घासून व रात्रभर भिजवून पेरावें. कर्दळीची पानें गुंडाळून आंत राहणारी अळी पावसाळ्यांत दिसते. अशीं पानें अळीसह तोडून नष्ट करावीं.

ओलसर, अर्धसावलीच्या जागीं सोनटक्का तीन ते सहा फूट वाढतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धांत फुलपांखरांसारखीं पांढरीं सुवासिक फुलें देतो. हें फूल क्यूबा देशाचें राष्ट्रीय पुष्प आहे. मात्र हवाई व ब्राझील येथें याच झाडानें पाणथळ जागा व ओढ्यांचे कांठ व्यापून तेथील मूळच्या वनस्पती मागें हटविल्या आहेत. म्हणून उपटलेले गड्डे वाहत्या पाण्यांत टाकूं नयेत.

पुढची रांग. मेक्सिकोंतून आलेली गुलछडी, जीस निशिगंध म्हणतात, सुमारें तीन फूट उंच दांडा काढते, व त्यावरील कळ्या खालून वर क्रमानें उमलतात. एकेरी जातीचीं फुलें हारांस व सुगंधास उत्तम. दुहेरी जातीचे दांडे फुलदाणीस पसंत करितात. दोन-तीन फूट वाढणारी शेवंतीही या रांगेस शोभते. ती दिवस लहान होऊं लागल्यावरच कळ्या धरते. दिवसरात्रींच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला हा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. यावरून अंगणांतील विजेचा दिवा रात्रभर जिच्यावर पडतो, ती शेवंती उशिरां कां फुलते हें वाचकांस उमगेल.

४. जीं झाडें टाळावीं

कण्हेर दिसण्यास सुंदर, पाण्यास काटक, व फांट्यांपासून सहज होणारी आहे. म्हणून ती गोठ्याच्या कडेसही लावितात. तिचें पान, फूल, साल, मूळ, सर्वच विषारी असून तें विष हृदयावर परिणाम करितें. ताजें पान कडू असल्यामुळें जनावर तें टाळतें, आणि त्यामुळेंच मालक निर्धास्त राहतो. परंतु छाटलेलीं पानें वाळून कडब्यांत मिसळलीं, कीं तीं ओळखूं येत नाहींत, व वाळल्यानें विष नाहींसें होत नाहीं. थोडीं पानेंही मोठें जनावर मारण्यास पुरेशीं होतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बिया लहान मुलांच्या खेळण्यांत येतात. त्याही प्राणघातक आहेत. गोठा, वैरणीची गंजी, पाण्याचें डोणें व मुलांचें अंगण यांजवळ हीं दोन्ही झाडें कदापि नसावीं. असलींच, तर छाटणी दूर पुरून टाकावी. ती जाळूं नये, कारण धूरही बाधतो.

घाणेरीच्या फुलांस कोणी भुलूं नये. ती खाण्यांत आल्यास गुरांचें यकृत बिघडतें व उन्हांत अंगावरील पांढऱ्या भागाची कातडी करपते. शिवाय पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात आणि पाहतां पाहतां पडीक जमीन तिच्या ताब्यांत जाते.

जास्वंदीविषयींही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ती, कापूस व भेंडी हीं एकाच कुळांतील आहेत, आणि पिठ्या ढेंकूण तिन्हींवर उपजीविका करितो. कापसाचें किंवा भेंडीचें शेत लागूनच असेल, तर त्या बाजूस जास्वंदीऐवजीं तगर लावावी.

शेवटीं हद्दीचा प्रश्न. बांधावरील झाडावरून उठलेले वाद आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ वाचले आहेत. बहुधा फांटा लावतांना तो बोटाएवढा असतो, व पंधरा वर्षांनीं त्याचें खोड हद्दीच्या दगडास हलवितें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वयें आपल्या हद्दीच्या खुणा सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. म्हणून मागची रांग नेहमी बांधाच्या आंत घ्यावी आणि हद्दीचा दगड मोकळा ठेवावा.

५. एका पट्टीचा आराखडा

चोवीस फूट लांब व सात फूट रुंद अशी पट्टी असून कुंपण उत्तरेस आहे असें समजूं. कुंपणापासून दीड फुटावर चार-चार फूट अंतरानें तीन तगरी व तीन जास्वंदी, मिळून सहा झुडपें लावावीं. त्यांच्या पुढें तीन फुटांवर दीड-दीड फूट अंतरानें कर्दळीचे सोळा गड्डे बसतील. त्यांच्या पुढें दीड फुटावर नऊ-नऊ इंचांवर गुलछडीचे बत्तीस गड्डे लागतील. शेवटचा एक फूट तण काढण्यास व फुलें खुडण्यास मोकळा ठेवावा. कर्दळीचे रंग आलटून पालटून न लावितां चार-चार गड्ड्यांचा एकेक गट एका रंगाचा करावा. दुरून शोभा त्यानेंच येते.

जमीन चैत्र-वैशाखांत फूटभर खोल खणून तापूं द्यावी, व कुजलेलें शेणखत मिसळावें. गुलछडी एप्रिल-मे महिन्यांत पाणी देऊन लावावी. कर्दळ व झुडपांचे फांटे मृगाच्या पावसाबरोबर लावावे. दर तीन वर्षांनीं कर्दळ व गुलछडी यांचे गड्डे उकरून, विभागून, पुन्हां लावावे. न केल्यास दाटी होऊन फुलें लहान पडतात. जादा निघालेले गड्डे शेजाऱ्यांस द्यावे. गांवांत चांगल्या जातीचा प्रसार याहून स्वस्त उपायानें होत नाहीं.

झाड विकत घेण्यापूर्वी आपल्या पट्टीचें ऊन, पाणी व आपला गोठा एकदां डोळ्यांपुढें आणावा. या तिन्हींस जें मानवेल तेंच फूल आपल्या बागेस शोभेल.