शाळेतील आरोग्यशिक्षणाचा जमाखर्च

मुलांच्या स्थूलतेचा प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्याला जमाखर्चाचीही एक बाजू आहे व ती आम्हां व्यापाऱ्यांना चटकन उमगावी अशी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९५ ते १९९७ या काळात ‘प्लॅनेट हेल्थ’ नावाचा एक प्रयोग झाला. त्याचा ताळेबंद आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने दहा शाळा घेतल्या. पाचांत प्रयोग केला, पाचांत नेहमीचाच क्रम राहू दिला. प्रारंभी मुले सहावी-सातवीत होती. आहे त्याच शिक्षकांनी भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र व व्यायाम यांच्या चालू तासांतूनच चार गोष्टी शिकविल्या: टेलिव्हिजनपुढील वेळ दिवसाकाठी दोन तासांच्या आत आणावा, हालचाल वाढवावी, स्निग्ध पदार्थ बेताने खावेत आणि फळे-भाज्या दररोज पाच वेळा तरी पोटात जाव्यात. मुलाने आपल्या टेलिव्हिजनच्या तासांचा हिशेब गणिताच्या तासाला मांडावा, ही युक्ती आम्हांस फार आवडली.

दोन वर्षांनी प्रयोगाच्या शाळांत स्थूल मुलींचे प्रमाण शेकडा २३.६ वरून २०.३ वर उतरले. इतर शाळांत ते २१.५ वरून २३.७ वर चढले. मुलग्यांचा टेलिव्हिजनचा वेळ घटला, पण त्यांच्या स्थूलतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता खतावणी पाहू. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. एकंदर खर्च ३३,६७७ डॉलर, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १४ डॉलर. हिशेबात धरलेल्या ३१० मुलींपैकी सुमारे सहा मुली प्रौढपणी अतिवजनाच्या होण्यापासून वाचतील, असा अंदाज निघाला. त्यापोटी औषधोपचाराचे १५,८८७ डॉलर व बुडणाऱ्या कामाचे २५,१०४ डॉलर वाचतात. खर्च वजा जाता शिल्लक सुमारे ७,३०० डॉलर. सहा हा आकडा ऐकून कोणी हसेल. पण मधुमेह व हृदयविकार वर्षानुवर्षे पोसण्यास काय लागते, हे ज्याच्या घरी दुखणे आहे त्याला विचारावे. शिवाय, काम बुडण्याची रक्कम औषधांच्या रकमेहून मोठी आहे, इकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. दुकानाचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे वैद्याच्या बिलापेक्षा गल्ल्याची तूटच अधिक असते.

मात्र ही जमा अंदाजाची आहे, हाती आलेली रोकड नव्हे. खर्च आज शाळेने करावयाचा आणि लाभ त्या मुलीच्या पन्नाशीत तिच्या घरी यावयाचा. एवढ्या लांब मुदतीची हुंडी कोणतीही एकटी शाळा सहसा लिहीत नाही. म्हणूनच अशा कामास समाजाची व सरकारची पुंजी लागते.

आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी अति चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरांच्या आत मुलांना विकण्यास मनाई केली. फाटकाजवळची दुकाने पुष्कळदा आपल्याच बांधवांची असतात. त्यांच्या विक्रीस झळ लागते, हे आम्ही नाकारीत नाही. फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या या मालाला भांडवल थोडे लागते आणि मोंढ्यातून तो घाऊक भावाने सहज मिळतो. पहिले काही महिने तो उधारीवर पुरविणे आम्हां धान्यवाल्यांच्या आवाक्यात आहे.