भिंतीतले दार सरकवताना घ्यावयाची काळजी



घरात वाटणी झाली किंवा धान्याची खोली वेगळी करायची ठरली, की मधल्या विटांच्या भिंतीतले दार सरकवण्याचे काम निघते. पैठण परिसरातील जुन्या घरांत अशी भिंत नुसता आडोसा नसते. माळवदाच्या तुळया पुष्कळदा तिच्यावरच टेकलेल्या असतात. माळवदावर 1 फूट मातीचा थर असेल, तर 10 × 12 फुटांच्या खोलीवर सुमारे 5 टन माती असते. पाऊस मुरला की हा भार आणखी वाढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली माणसे गाडली गेली, हे विसरू नये.

नेहमी होणारी चूक : ये-जा चालू राहावी म्हणून आधी नवे दार फोडतात व जुने सवडीने बुजवतात. तोवर दोन पोकळ्यांच्या मधे विटांचा अरुंद खांब उरतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणून आधी जुने बुजवा, मग नवे फोडा. जुनी चौकटही त्यामुळे नव्या दाराला वापरता येते.

कामाचा क्रम :

1) होळीनंतर, कोरड्या दिवसांत काम काढावे. नवे दार कोपऱ्यापासून किमान 2 फूट दूर असावे. तुळईच्या टेकणीखाली दार घेऊ नये. भिंतीला तिरपी भेग असेल, तर आधी तिचे कारण शोधावे. काळ्या जमिनीत पाया हलल्यानेही अशा भेगा पडतात.

2) भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुळयांखाली फळीवर भक्कम टेकू द्यावेत.

3) चौकट काढून जुन्या दाराच्या कडांना दर तीन थरांनंतर दात पाडावेत. भिजवलेल्या विटा 1:6 सिमेंट-वाळूत बांधाव्यात. दारावरची जुनी तुळई चांगली असल्यास तशीच ठेवावी. तिच्या खालची फट घट्ट मालाने ठासून भरावी. 10 दिवस पाणी मारावे.

4) दरम्यान 3 फुटी दारासाठी साडेचार फूट लांब, 6 इंच उंच अशा दोन लिंटेल जमिनीवर ओताव्यात. 9 इंची भिंतीला प्रत्येकीची रुंदी साडेचार इंच ठेवावी. 10 मि.मी.च्या दोन सळ्या तळाशी ठेवाव्यात व वरच्या बाजूला खूण करावी. 21 दिवस ओल ठेवावी.

5) भिंतीत एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच पाडून पहिली लिंटेल बसवावी. दोन्ही टोकांना 9 इंच टेकण मिळावे. वरची फट ठासून भरावी. 7 दिवसांनी दुसरी बाजू करावी.

6) आणखी 7 दिवसांनीच खालच्या विटा वरून खाली, छिन्नीने काढाव्यात. घणाचे घाव घालू नयेत.

भिंत मातीत बांधलेली असेल किंवा वर मजला असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही वीट काढू नये. महिनाभर गैरसोय सोसावी; घाईने छप्पर धोक्यात घालू नये.