बोलकी पाटी आणि आपला प्रोजेक्ट

बोलता न येणाऱ्यांसाठी यंत्र बनवायचं म्हटलं की आपण आधी आवाजाच्या चिपमागे धावतो. मला मात्र खरा प्रश्न वेळेचा वाटतो. आपण मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो. १९८५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर वाचा गेलेल्या स्टीफन हॉकिंग यांना संगणकावर जेमतेम १५ शब्द जमत.

साधं गणित करू. पाटीवर १६ चित्रं आहेत आणि वापरणाऱ्याला एकच बटण दाबता येतं. दिवा एकेका चित्रावरून सरकला तर सरासरी साडेआठ टप्पे थांबावं लागतं. ४×४ च्या चौकटीत आधी ओळ, मग चित्र निवडलं तर बटण दोनदा दाबावं लागतं, पण टप्पे पाचच! खर्च काहीच नाही, फक्त प्रोग्रॅम बदलला.

आय.आय.टी. मुंबईच्या 'जेलो' या मोफत ॲपमध्ये चित्रांसोबत 'आवडतं', 'नाही', 'अजून' अशी सहा बटणं आहेत. त्यामुळे एकाच चित्रातून अनेक वाक्यं होतात, मराठीतसुद्धा.

थरथरत्या हाताने बटण दोनदा दाबलं जातं. लॅबमधलं डिबाउन्सिंगच इथे जास्त वेळ देऊन वापरायचं. आणि मुलीचं यंत्र 'मी जातो' म्हणालं तर कसं चालेल?

अवसरीत कोणी असा प्रोजेक्ट घेतलाच, तर सर्किटआधी कागदावर पाटी काढून वापरणाऱ्यासमोर ठेवा. बोट कुठे अडतं ते बघा. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी ऐकणारा उठून गेला, तर आपलं यंत्र मुकंच राहिलं म्हणायचं.