आरोपी खाकीत असेल, तर तक्रारीला किती खर्च येतो?

पोलिसानेच लेकराला हात लावला, तर त्याच्याशी भांडायला पैसा आणायचा कुठून? तळेघरच्या आईबापांच्या मनात हे आधी येतं. म्हणून आधी हिशेब. तक्रार नोंदवणं, तिची नक्कल, सरकारी दवाखान्यातली तपासणी, कोर्टातला सरकारी वकील, कशालाच रुपया लागत नाही. कुणी मागितला, तर ती लाच आहे.

खरा खर्च बुडालेल्या रोजाचा आणि एसटीचा. बायांना तिकीट अर्धं आहे, पण रोज पूर्ण बुडतो. म्हणून हे ध्यानात ठेवा: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो, तोही शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

आपल्या ठाण्यात जायची भीती वाटते? मंचर, जुन्नर, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता तक्रार, नोंदवता येते. तिथेही टाळाटाळ झाली, तर पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा आणि पावती जपा. पोक्सोच्या विशेष न्यायालयात थेटही तक्रार करता येते. वैद्यकीय तपासणी मात्र लांबवू नका, ती एफआयआरआधीही होते. मुलाचे कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.

कायदा आधी असा नव्हता. 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या मुलीला मात्र न्याय मिळाला नाही, हे विसरता येत नाही. आज 18 वर्षांखालच्या मुलाच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही. आपल्या हद्दीत मुलावर बलात्कार करणाऱ्या पोलिसाला किमान 20 वर्षं सक्तमजुरी आहे आणि अशा खटल्याला सरकारची परवानगी लागत नाही. बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यालाही 6 महिने ते 2 वर्षं सक्तमजुरी आहे.

स्वतःचा वकील हवा, तर विधी सेवा समितीकडे जा. बाई, मूल, आदिवासी यांना उत्पन्न न पाहता तो मोफत मिळतो. फोन 15100. कुटुंब आदिवासी आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटीचं कलम लावायला सांगा. मग तपास उपअधीक्षकाकडे जातो, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरीही मागता येते. नुकसानभरपाईसाठी निकालापर्यंत थांबू नका, अंतरिम रकमेचा अर्ज आधीच करा.

आणि काहीच सुचेना, तर मुलांच्या मदतीचा 1098 लावा. हा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत.