विपत्ती आणि अभ्यास

विपत्ती मनुष्यास घडविते, असे वाक्य निबंधाच्या वहीत आम्ही सर्वांनीच केव्हा ना केव्हा लिहिले आहे. परंतु बालाघाटाच्या माळावर राहणाऱ्यास ते सहजासहजी पटावयाचे नाही. लिंबागणेशाच्या बाजूस पाऊस चुकला म्हणजे विहिरी आटतात, पीक हातचे जाते, आणि दसरा-दिवाळी उलटताच जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन उसाच्या मुलखाकडे निघतात. केवळ विपत्तीनेच मनुष्य मोठा होत असता, तर आमच्या जिल्ह्यात घरोघर थोर पुरुष निपजले असते. तसे झालेले नाही. तेव्हा विपत्ती मनुष्यास घडविते की मोडते, आणि घडवीत असेल तर कोणत्या उपायाने, ह्याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

लिंबागणेशाची ख्याती भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे आहे. रूपाच्या गर्वाने गणेशास हसल्यामुळे चंद्रास शाप झाला, त्याने ह्या ठिकाणी तप केले, आणि प्रसन्न होऊन गणेशाने त्यास आपल्या भाळी धारण केले, अशी कथा भाविक सांगतात. पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. आपल्याच भावांनी त्यास विकले. खोट्या आरोपावरून तो मिसर देशात बंदिशाळेत पडला. तेथेही हाती आलेले काम त्याने चोख केले. आणि पुढे सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवून दुष्काळाच्या सात वर्षांत त्याने असंख्य लोक जगविले. ह्या दोन कथा दोन निराळ्या परंपरांच्या खऱ्या, परंतु दोहोंचे तात्पर्य एक आहे. चंद्र भाळी चढला तो शापाने नव्हे, तपाने. योसेफ कारभारी झाला तो बंदिवासामुळे नव्हे, तर ईश्वरी कृपेने आणि बंदिवासातही न सोडलेल्या कर्तव्यबुद्धीने.

कोणी म्हणेल की, ह्या पुरातन काळच्या गोष्टी झाल्या. तर मग आपल्याच जिल्ह्यातील आणि आपल्याच काळातील उदाहरण घेऊ. आष्टी तालुक्यातील मांडवा ह्या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी श्री. अविनाश साबळे ह्यांचा जन्म झाला. घर साध्या शेतकऱ्याचे. घरापासून शाळा सुमारे ६ किलोमीटर, आणि वाहनाची सोय नाही. म्हणून लहानपणापासून हे अंतर ते चालत अथवा धावत काटीत असत. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले व महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये त्यांची नेमणूक झाली. सियाचिनचे बर्फ, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर ह्या तिन्ही ठिकाणी त्यांनी सेवा केली. सन २०१५ मध्ये सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतींत ते उतरले, आणि पुढे प्रशिक्षक श्री. अमरीश कुमार ह्यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेस ह्या शर्यतीकडे वळले.

ही शर्यत कशी असते हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण आमच्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. पुरुषांच्या शर्यतीचे अंतर ३,००० मीटर असते. तेवढ्यात २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३ फूट. इतर अडथळ्यांच्या शर्यतींत पाय लागला तर अडथळा आडवा होतो. येथील अडथळा जड व पक्का असतो, तो पडत नाही. पडतो तो धावणारा. परंतु ह्याच पक्केपणात त्याचा उपयोगही आहे. त्यावर पाय ठेवण्याची नियमाने मुभा असून, पाण्याच्या खड्ड्यापाशी बहुतेक धावपटू अडथळ्याच्या माथ्यावर पाऊल रोवतात आणि तेथूनच पुढे झेप घेतात. खड्ड्याचा तळ उतरता बांधलेला असतो; अडथळ्याजवळ पाणी सर्वांत खोल, आणि दूर जावे तसे उथळ. अर्थात ज्याची झेप लांब, त्यास पाणी थोडे. अडथळा सर्वांस सारखाच. एकास तो आडकाठी होतो आणि दुसऱ्यास पायरी. हा भेद अडथळ्यात नाही, पावलात आहे. आणि पाऊल तयार होते ते अभ्यासाने.

श्री. साबळे ह्यांचे पाऊल एका दिवसात तयार झाले नाही. सन २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेस घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांस मुकावे लागले. परंतु त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी करून गोपाल सैनी ह्यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सन २०२१ मध्ये तोक्यो येथील ऑलिंपिकात त्यांनी नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरीही अंतिम फेरी त्यांस लाभली नाही. आपल्या आयुष्यातील उत्तम कामगिरी करूनही जो मागे राहतो, त्याचे दुःख परीक्षेत मनापासून कष्ट करून अपयश आलेल्या विद्यार्थ्यास सहज कळेल. पुढील वर्षी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. सन १९९८ पासूनच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत ह्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या रौप्याचे मोल कळते. सन २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. सन २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम त्यांनी नोंदविला, आणि पुढच्याच महिन्यात तेथील ऑलिंपिकात अंतिम फेरी गाठून ते अकरावे आले.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे एक उदाहरण सोडवून पाहावे. सन २०१८ पासून २०२४ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षांत, ही वेळ १९.८९ सेकंदांनी कमी झाली. एकंदर ३५ अडथळ्यांवर ती वाटली, तर प्रत्येक अडथळ्यामागे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक बचत येते. सहा वर्षांचे श्रम आणि मिळकत अर्धा सेकंद! परंतु खरी प्रगती ती अशीच होत असते. आणि विपत्तीही एकदाच येऊन संपत नाही. सन २०२५ च्या जुलैत मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. विक्रम करणाऱ्यासही चालण्याचा पहिला धडा पुन्हा गिरवावा लागतो.

ह्यावरून आमच्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, अडथळ्याचे माप घ्यावे. ‘गणित येत नाही’ हे रडगाणे झाले. ‘अपूर्णांकांचा भागाकार येत नाही’ हे माप झाले. दुसरी ही की, रोज थोडे करावे. वहीत आजची चूक आणि तिची दुरुस्ती लिहून ठेवणारा विद्यार्थी वर्षअखेरीस कोठल्या कोठे गेलेला असतो. तिसरी ही की, जाणत्याचे सांगणे ऐकावे. आपले पाय कोणत्या शर्यतीचे आहेत, हे पुष्कळदा आपल्याआधी गुरूस दिसते. हीच रीत दुकानदारास, कारागिरास आणि शेतकऱ्यासही लागू आहे. पीक बुडाल्यावर केवळ दैवास बोल न लावता पाऊस किती पडला, बी कोणते होते, खर्च किती झाला, ह्याची जो नोंद ठेवितो, त्याचे ते वर्ष सर्वस्वी फुकट जात नाही.

आता पालकांस एक नम्र विनंती. मूल सहा किलोमीटर चालले म्हणून ते धावपटू झाले, असा अर्थ कोणी घेऊ नये. तितकेच चालणारी कितीतरी मुले अर्ध्यावर थकून शाळा सोडून गेली आहेत. त्या वाटेच्या शेवटी शाळा होती, म्हणून ते चालणे कामी आले. ऐन दिवाळीनंतर शाळेतून निघून फडावर धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेले मूल कष्टाने घडत नाही. त्याच्या पायाखालची वाटच काढून घेतली जाते. म्हणून पोटासाठी गाव सोडणे भाग पडले, तरी मुलास आजी-आजोबांपाशी, आप्तांकडे, अथवा जेथे हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे ठेवून त्याची शाळा अखंड चालू राहील असे करावे. मन घट्ट करावे लागते हे आम्ही जाणतो.

काही अडथळे मात्र एकट्याच्या झेपेबाहेरचे असतात. तेथे समाजाने हात द्यावयाचा असतो. सन १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने लोकांस कामे दिली, त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, आणि पुढे २००५ मध्ये देशानेही तशाच स्वरूपाचा कायदा केला. व्यक्तीप्रमाणे समाजही आपल्या विपत्तीचा अभ्यास करू शकतो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

विद्यार्थिमित्रहो, विपत्ती मागावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ह्या माळावर ती न मागताही येते. ती येईल तेव्हा तुमच्या हातची वही सुटू नये आणि तुमची शाळेची वाट मोडू नये, एवढीच आमची परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.