जुन्या मोटारीच्या दारावरील पट्टी

जुन्या मारुती ८०० मोटारीच्या दारावर चिकटविलेली रबरी पट्टी एका टोकास सुटली, कीं तिच्यामागें पाणी व माती सांचते आणि पत्र्यास गंज धरण्याचें भय उत्पन्न होतें. तरी ती हिसक्यानें ओढूं नये. तिच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो.

आम्ही प्रथम दार स्वच्छ धुतलें. मग केस वाळविण्याच्या विजेच्या यंत्रानें हातास सोसेल इतकीच ऊब दिली. फीत मऊ पडतांच गळाचा नायलॉन दोरा पट्टीमागें घालून करवतीप्रमाणें मागेंपुढें ओढला. पट्टी सुटली, चरा पडला नाहीं.

चिकाटीची गरज लागते ती पुढेंच. उरलेला थर अंगठ्यानें चोळून त्याच्या गोळ्या काढाव्या. हट्टी भागावर, पत्रा पूर्ण थंड झाल्यावर व विस्तवापासून दूर, रॉकेलचें फडकें थोडा वेळ ठेवावें. थिनर मात्र टाळावा. त्यानें रंगही विरघळतो. शेवटीं साबणाच्या पाण्यानें तेलकटपणा घालवावा.

उन्हापासून झांकलेला पट्टीखालचा रंग भोंवतालच्या रंगाहून गडद दिसतो. पॉलिशनें हा फरक कमी होतो, पुरता जात नाहीं.